थ्री-डी टीव्ही घेण्यापूर्वी चष्मे मोजा

घर बदलताना, आखातातली नोकरी संपवून कायमचे परतताना किंवा मोठा संच घेताना जुना टीव्ही ओळखीच्या माणसाला देऊन टाकण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पनवेल, तळोजा, कळंबोली या पट्ट्यात असे सौदे रोज होत असतात. अशा संचांत अधूनमधून एखादा थ्री-डी टीव्ही निघतो आणि मग विकणारा आवर्जून सांगतो, "हा साधा नाही, थ्री-डी आहे. नवा आता बाजारात मिळणार नाही." त्याचे म्हणणे खोटे नसते. पण नवा मिळत नाही, हे किंमत वाढविण्याचे कारण आहे की उतरविण्याचे, हे घेणाऱ्याने आपल्या डोक्याने ठरवायचे असते. या विषयावर आमच्याकडे वरचेवर विचारणा होते, म्हणून आज कापसाचे व सुताचे भाव बाजूला ठेवून हा मजकूर देत आहोत. टीव्ही घरात असावा की नसावा, या प्रश्नात आम्ही पडत नाही. तो उलेमांचा विषय आहे. ज्यांच्या घरी तो आहेच, त्यांच्या कष्टाचे पैसे वाया जाऊ नयेत, एवढाच आमचा हेतू.

कापडाच्या धंद्यातले उदाहरण घ्या. सलवार, कमीज आणि दुपट्टा असा तीन कपड्यांचा संच दुकानात येतो. त्यातला दुपट्टा हरवला आणि ती डिझाइन गिरणीने बंद केलेली असली, की उरलेल्या दोन कपड्यांना कुणी संचाचा भाव देत नाही. ते कटपीसच्या ढिगात जातात. कापड तेच, रंग तोच, तरीही. थ्री-डी टीव्हीचे नेमके असेच आहे. त्याचा दुपट्टा म्हणजे त्याचे चष्मे, आणि डिझाइन तर केव्हाच बंद झाली आहे.

केव्हा बंद झाली, ते थोडक्यात सांगतो. थ्री-डी सिनेमा आपल्या देशाला नवा नाही. १९८४ साली 'माय डियर कुट्टिचातन' हा मल्याळम चित्रपट निघाला, तो भारतातला पहिला थ्री-डी चित्रपट. 'छोटा चेतन' नावाने तो हिंदीत आला आणि आज जे पन्नाशीत आहेत त्यांपैकी पुष्कळांनी आयुष्यातला पहिला थ्री-डी चष्मा त्याच वेळी डोळ्यांवर चढविला. मराठीत महेश कोठारे यांनी २०१३ साली 'झपाटलेला २' थ्री-डीत आणला. घरगुती संचांची लाट मात्र परदेशी चित्रपटामुळे आली. डिसेंबर २००९ मध्ये 'अवतार' प्रदर्शित झाला, त्याच महिन्यात ब्लू-रे डिस्कवर थ्री-डी चित्रपट कसा भरायचा याचे मानक ठरले, आणि २०१० पासून सॅमसंग, सोनी, एलजी, पॅनासॉनिक अशा सर्वच मोठ्या कंपन्यांनी थ्री-डी संच बाजारात उतरविले. अमेरिकेत ईएसपीएनने जून २०१० मध्ये खेळांची थ्री-डी वाहिनी सुरू केली. ती २०१३ मध्ये बंद पडली. ब्रिटनमधील स्काय कंपनीची वाहिनी २०१५ मध्ये बंद झाली. सॅमसंगने २०१६ च्या नव्या संचांतून थ्री-डी काढून टाकले, आणि जानेवारी २०१७ मध्ये एलजी व सोनी यांनीही हात आखडता घेतला. घरात बसून चष्मा लावायचा लोकांना कंटाळा आला, थ्री-डीत बघण्यासारखे फारसे नव्हते, आणि तेवढ्यात दुकानदारांना विकायला फोर-के हा नवा शब्द सापडला.

तेव्हा आज हाती येणारा कोणताही थ्री-डी टीव्ही साधारणपणे २०१० ते २०१६ या काळातला आहे, हे पहिले ध्यानात ठेवावे. केबलवर किंवा डिशवर एखादी थ्री-डी वाहिनी पुढेमागे येईल, ही आशाही धरू नये.

दोन डोळे, दोन चित्रे

थ्री-डीची करामत समजली तर फसवणूक टळते, म्हणून चार ओळी त्यावर खर्च करतो. आपल्या दोन डोळ्यांत सुमारे अडीच इंचांचे अंतर आहे. त्यामुळे समोरची वस्तू प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळ्या जागेवरून दिसते. मेंदू ही दोन चित्रे जुळवून एक करतो आणि त्यांतल्या फरकावरून वस्तू जवळ आहे की लांब, हे ओळखतो. बोट नाकासमोर धरून आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट इकडून तिकडे उडी मारते. थ्री-डीचे सारे दुकान या उडीवर चालते.

आपल्या मुलांना एक गोष्ट अवश्य सांगावी. दोन डोळ्यांनी एकच चित्र कसे दिसते, याचा पद्धतशीर विचार बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी कैरोत बसून केला. त्यांचा 'किताब अल-मनाझिर' हा ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला आणि युरोपातल्या विद्वानांनी तो शतकानुशतके अभ्यासला. दोन वेगवेगळी चित्रे दोन डोळ्यांना दाखवून खोलीचा भास निर्माण करणारे यंत्र इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये जगापुढे मांडले. टीव्ही कंपन्यांनी नवा शोध काही लावला नाही. डाव्या डोळ्याचे चित्र उजव्या डोळ्याला दिसू न देण्याची सोय तेवढी केली. ही सोय दोन प्रकारची आहे, आणि खरेदीतला सारा घोळ इथेच होतो.

चष्म्यांची भानगड

पहिला प्रकार ॲक्टिव्ह. यात टीव्ही एकदा डाव्या डोळ्याचे, एकदा उजव्या डोळ्याचे अशी चित्रे भराभर दाखवितो आणि चष्म्याच्या काचा त्याच तालावर उघडझाप करतात. प्रत्येक काच सेकंदाला साधारण ५० ते ६० वेळा उघडते. अशा चष्म्यात सेल असतो, लहानसे यंत्र असते आणि टीव्हीकडून येणारा इशारा तो पकडतो. सॅमसंगचे, पॅनासॉनिकचे आणि सोनीचे बहुतेक संच या जातीचे. चित्र पूर्ण बारकाव्याचे मिळते, पण अंधुक दिसते. निम्म्याहून जास्त उजेड चष्माच खाऊन टाकतो.

दुसरा प्रकार पॅसिव्ह. एलजीचे २०११ नंतरचे बहुतेक संच असे आहेत. यात पडद्यावर एक आडवी ओळ डाव्या डोळ्याची व एक उजव्या डोळ्याची, अशी रचना असते. चष्मा साधा प्लास्टिकचा, हलका, सेल नसलेला. फुल एचडी संचावर प्रत्येक डोळ्याला १०८० पैकी ५४० ओळीच मिळतात, त्यामुळे जवळ बसले की रेघा दिसतात. एलजीच्या फोर-के थ्री-डी संचांत हा दोष राहिला नाही. म्हणूनच एलजीच्या २०१६ सालच्या ओएलईडी संचांपैकी सी, ई आणि जी या मालिका जाणकार अजून शोधत असतात.

आमचे मत विचाराल तर आपल्यासारख्या भरल्या घरांना पॅसिव्ह बरा. कारण हिशेबाचे आहे. आईवडील, भाऊ-भावजय, मुले मिळून आठ-दहा माणसे एका वेळी टीव्हीसमोर बसतात. ॲक्टिव्ह संचाबरोबर फार तर दोन-चार चष्मे आलेले असतात, त्यांतला एखादा मुलांनी केव्हाच मोडलेला असतो, आणि जोड शोधायला निघालात तर लॅमिंग्टन रोडपर्यंत पायपीट करूनही योग्य चष्मा मिळेल याची हमी नाही. एका कंपनीचा चष्मा दुसऱ्या कंपनीच्या संचाला लागेलच असे नाही. एवढेच काय, सॅमसंगच्या २०१० च्या संचांचे चष्मे इन्फ्रारेडवर चालत आणि २०११ पासून कंपनी ब्लूटूथवर गेली; म्हणजे त्याच कंपनीचा एका वर्षाचा चष्मा पुढच्या वर्षीच्या संचाला कुचकामी. सोनीच्या सुरुवातीच्या काही संचांना इशारा पाठविणारी डबी वेगळी विकत घ्यावी लागे. ती डबी हरवलेली असेल तर कितीही चष्मे जमवा, टीव्ही थ्री-डी दाखविणार नाही.

पॅसिव्ह संचाला मात्र रिअल-डी पद्धतीच्या चित्रपटगृहात मिळणारा चष्माही चालतो, कारण दोन्हींतली काच एकाच जातीची असते. (चित्रपटगृहाचा चष्मा खिशात घालून आणावा, असे आम्ही सुचवीत नाही! तसे चष्मे सुटे विकतही मिळतात.)

सौदा करताना

सौद्याला जाताना बरोबर एक पेनड्राइव्ह न्यावा. त्यात साइड-बाय-साइड पद्धतीची एखादी थ्री-डी चित्रफीत भरलेली असावी; यूट्यूबवर असे नमुने पुष्कळ आहेत, तेथून लॅपटॉपवर चालवून एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडले तरी काम भागते. पडद्यावर एकच दृश्य डावीकडे व उजवीकडे दोनदा दिसेल. मग रिमोटवरचे थ्री-डी बटण दाबून साइड-बाय-साइड निवडावे. दोन्ही चित्रे एकमेकांवर चढतात, आणि चष्म्याशिवाय ती धूसर दिसतात; हे ठीक आहे. आता प्रत्येक चष्मा स्वतः लावून पाहावा. एकच पाहून "बाकीचे तसेच असतील" असे म्हणू नये. एकेक डोळा मिटून बघावे: चित्र स्वच्छ, एकेरी दिसले पाहिजे. मिटलेल्या डोळ्याच्या चित्राची फिकट सावली शेजारी दिसत असेल तर तो ऐब आहे. थोडी सावली बहुतेक संचांत असते, पण ठळक असेल तर संच सोडून द्यावा.

रिमोट मूळचा आहे का, हेही बघावे, कारण सर्वसाधारण रिमोटवर थ्री-डीचे बटण नसते. साध्या चित्राचे आपोआप थ्री-डी करणारे एक बटण पुष्कळ संचांत असते. विकणारा हटकून तेच दाबून दाखवितो. त्यावर भुलू नये. ते मूळ कापडावरचे विणकाम नसून वरून मारलेला छापा आहे. संचातली जुनी ॲप्स चालणार नाहीत असेच धरून चालावे. वेगळी स्टिक लावून ते काम भागते. प्लाझ्मा संच असेल तर थ्री-डी उत्तम दिसते, पण वीज जास्त जाते, आणि पॅनेल गेले की दुरुस्तीचा विचारच नको. पॅनासॉनिकने २०१३ अखेर आणि सॅमसंगने २०१४ मध्ये प्लाझ्मा सोडून दिला.

किंमत ठरविताना आमचा नियम साधा आहे. त्याच आकाराच्या, तेवढ्याच जुन्या साध्या टीव्हीचा जो भाव, तोच या संचाचा भाव. चष्मे पुरेसे आणि चालू असतील तर वर थोडे देण्यास हरकत नाही. चष्मे नसतील तर थ्री-डी या शब्दाचा एक पैसाही देऊ नये. विकणाऱ्या आपल्या भाईंनाही सांगणे आहे की, मालाचा ऐब लपवून विकणे आपल्या दीनमध्ये नाही. चष्मा चालत नसेल तर "सेल बदलला की चालेल" असे सांगून माल गळ्यात मारू नये. सेल दोन मिनिटांत बदलता येतो. बदलून चालवून दाखवावा आणि मग पैसे घ्यावेत.

आखातातून संच आणू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना. पूर्वी सपाट पडद्याचा टीव्ही सामानाच्या सवलतीत बसत असे. २६ ऑगस्ट २०१३ पासून सरकारने ती सूट काढून घेतली आणि ३६.०५ टक्के जकात बसली. त्यानंतरही दर व नियम बदलत आले आहेत, तेव्हा निघण्यापूर्वी कस्टमकडे चौकशी करावी. २५ डिसेंबर २०२५ पासून आपल्या दाराशीच विमाने उतरू लागली आहेत, पण विमानतळ जवळ आला म्हणून कस्टमचा कायदा सैल होत नाही. दहा वर्षे जुन्या संचावर जकात भरून तो आणणे हा आमच्या मते घाट्याचाच व्यवहार.

टीव्ही आला, पण लावायचे काय?

संच मिळाला तरी त्याला खाऊ घालण्याचा प्रश्न उरतो. थ्री-डीचा खरा आनंद ब्लू-रे थ्री-डी डिस्कवर मिळतो, कारण तिच्यात प्रत्येक डोळ्याचे पूर्ण चित्र असते. साइड-बाय-साइडमध्ये रुंदी निम्मी होते. त्यासाठी थ्री-डी चालविणारा ब्लू-रे प्लेअर हवा, आणि तेही आता दुर्मीळ होत चालले आहेत. इथे एक युक्ती सांगतो: घरात मुलांचा जुना प्लेस्टेशन ३ किंवा ४ पडून असेल तर तो थ्री-डी ब्लू-रे डिस्क चालवितो. प्लेस्टेशन ५ चालवीत नाही, हे विसरू नये. नव्या फोर-के ब्लू-रे डिस्कच्या मानकात थ्री-डीच नाही, म्हणून "महाग प्लेअर म्हणजे सर्व चालणार" या भ्रमात राहू नये. डिस्क घेताना वेष्टनावर थ्री-डी लिहिलेले पाहावे आणि रीजनही पाहावा: भारत ब्लू-रेच्या सी विभागात येतो, तर ब्रिटन आणि आखात बी विभागात. काही डिस्क सर्वत्र चालतात, काही नाहीत. नव्या डिस्क अगदीच निघत नाहीत असे नाही. 'अवतार'चा दुसरा भाग २०२३ मध्ये थ्री-डी ब्लू-रेवर आला. चोरीच्या प्रती पेनड्राइव्हवर भरून देणारे दुकानदार जागोजागी आहेत. तो माल चोरीचा आहे, एवढे सांगून पुढे जातो.

संच कुठे लावावा? आपल्याकडे टीव्ही भिंतीवर उंच, जवळजवळ छताला टेकवून लावण्याची हौस आहे. पॅसिव्ह संचाला हे अजिबात चालत नाही. खालून वर पाहिले की सावल्या दिसू लागतात. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. अंतर पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट ठेवावे. ५५ इंची पडद्याची उंची सुमारे २७ इंच भरते, म्हणजे पावणेसात फूट. दिवाणावर आडवे पडून थ्री-डी बघता येत नाही, कारण डोळे आडवे झाले की दोन चित्रांचा मेळ बसत नाही. ॲक्टिव्ह चष्मा लावून बसलात आणि खोलीभर लुकलुक जाणवली तर दोष टीव्हीचा नसून जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा असतो. ती विजेच्या तालावर लुकलुकते, चष्मा आपल्या तालावर, आणि दोघांचे पटत नाही. ट्यूब बंद करावी.

प्रोजेक्टरचा मार्ग

ज्यांना नव्या कोऱ्या मालातच थ्री-डी हवे आहे त्यांच्यासाठी प्रोजेक्टर हा रस्ता अजून खुला आहे. बेनक्यू, ऑप्टोमा अशा कंपन्यांच्या काही डीएलपी प्रोजेक्टरांत डीएलपी-लिंक नावाची सोय असते. पडद्यावरच्या प्रकाशातूनच चष्म्याला इशारा मिळतो, म्हणून कोणत्याही कंपनीचा डीएलपी-लिंक चष्मा बहुधा चालतो. चष्म्यांची भानगड इथे निम्मी होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. बिल घेताना दर तपासावा. पण खोलीत अंधार हवा, आणि नेमक्या मॉडेलच्या माहितीपत्रकात डीएलपी-लिंक हा शब्द छापलेला असावा. स्वस्तातल्या एलईडी प्रोजेक्टरांच्या खोक्यावरही मोठ्या अक्षरांत थ्री-डी लिहितात. त्याचा अर्थ बहुधा एवढाच की, लाल-निळ्या चष्म्याने बघण्याची चित्रफीत त्यावर लावता येते. तशी ती कोणत्याही टीव्हीवर, अगदी मोबाइलवरही लावता येते. पॉलिस्टरवर सिल्कची चिठ्ठी चिकटविण्याचाच हा प्रकार.

शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांबद्दलही दोन शब्द. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावले होते की, शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. ते व्याज दुसऱ्या नावाने वसूल होते. सुदापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांनी दुकानदाराला रोखीचा भाव आणि हप्त्यांची बेरीज दोन्ही विचारावे.

मुलांच्या डोळ्यांचे काय? फ्रान्सच्या आरोग्यसुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०१४ मध्ये सल्ला दिला की, सहा वर्षांखालील मुलांना थ्री-डी दाखवू नये आणि तेरा वर्षांपर्यंत ते बेतानेच असावे, कारण या वयात नजर घडत असते. आम्ही हाच नियम पाळावा असे म्हणतो. ज्यांना फिट येतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसू नये. तिरळेपणा असलेल्या किंवा एका डोळ्याची नजर कमी असलेल्या काही जणांना थ्री-डी मुळीच दिसत नाही. त्यांना चष्म्यातून नुसते अंधुक चित्र दिसते. मात्र एखाद्या मुलाला घरातल्या सगळ्यांना दिसणारी खोली दिसत नसेल, तर त्याला चिडवू नये, डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे. दुर्लक्षित राहिलेला डोळ्याचा दोष कधीकधी असाच उघडकीस येतो, आणि लहान वयात त्यावर इलाज सोपा असतो.

काही होतकरू तरुण विचारतात की, गाळा भाड्याने घेऊन, प्रोजेक्टर व पंधरा-वीस चष्मे ठेवून मुलांसाठी थ्री-डी खेळ सुरू केला तर? कल्पना वाईट नाही, पण हिशेब नीट करावा. विकत घेतलेली डिस्क घरगुती वापरासाठी असते. तिकीट लावून ती दाखवायची तर चित्रपटाच्या मालकाकडून हक्क घ्यावे लागतात आणि प्रदर्शनाचा सरकारी परवानाही लागतो. शिवाय दर खेळानंतर चष्मे पुसावे लागतात, चार-सहा महिन्यांत काही मोडतात, आणि ओरायन मॉलसारख्या ठिकाणी चित्रपटगृह हाकेवर आहे. याउलट जुने चालू संच पारखून, चष्म्यांसह पूर्ण जोडी लावून, लेखी बिलाने व महिनाभराच्या हमीने विकणारा एखादा प्रामाणिक दुकानदार पनवेलीत उभा राहिला तर त्याला गिऱ्हाईक मिळेल, थोडे पण खात्रीचे. त्याने सुटे चष्मेही जमवून ठेवावेत. संच मरतात, चष्मे हरवतात, आणि राहिलेल्या संचांचे मालक तेच शोधत येतात.

ज्यांच्या घरी ॲक्टिव्ह चष्मे आहेत त्यांनी टीव्ही बरेच दिवस वापरात नसेल तर चष्म्यातला बटणासारखा सेल काढून डबीत ठेवावा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत सेल पाझरतो आणि आतली पत्री गंजते. मग नवा सेल घालूनही चष्मा उठत नाही. हे सेल लहान मुलांच्या हाती पडू देऊ नयेत. गिळले तर जिवावर बेतते, आणि तसे झाल्यास तडक इस्पितळ गाठावे.